प्रवरेकाठापर्यंत आलेले महायुद्ध : हुकूमशहांचा उदय, नगरचा किल्ला आणि न विचारलेला प्रश्न

१.
नगर-मनमाड रस्त्यावर प्रवरा नदी ओलांडताना कोल्हार लागते. भगवतीमातेच्या देवस्थानासाठी ओळखले जाणारे हे गाव. येथून दक्षिणेला सुमारे पन्नास किलोमीटरवर अहमदनगरचा (आताच्या अहिल्यानगरचा) भुईकोट किल्ला आहे. पश्चिमेला संगमनेर तालुक्यात निमज हे गाव आहे. रोम, बर्लिन, म्युनिक ही नावे या परिसरापासून फार दूरची वाटतात. तरीही १९३९ ते १९४५ या काळात त्या शहरांत झालेल्या निर्णयांची किंमत याच पट्ट्यात तीन ठिकाणी चुकवली गेली : नगरच्या काटेरी कुंपणाआड, किल्ल्याच्या कोठड्यांत आणि निमजच्या एका घरात. हे कसे घडले, याचा हा आढावा.

२.
पहिले महायुद्ध १९१८ मध्ये संपले. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर युद्धाची जबाबदारी, नुकसानभरपाई आणि लष्करी मर्यादा लादल्या. या तहातूनच हिटलर जन्मला, असे पाठ्यपुस्तकी उत्तर सर्वांना ठाऊक असते. ते अपुरे आहे. तह होऊन नऊ वर्षे लोटल्यावर, १९२८ च्या निवडणुकीत, नाझी पक्षाला २.६ टक्के मते आणि अवघ्या १२ जागा मिळाल्या होत्या. अपमानाची जखम होती. परंतु जर्मन मतदार तोवर हिटलरकडे वळला नव्हता.

३.
चित्र पालटले ते १९२९ च्या जागतिक मंदीने. १९३२ च्या आरंभी जर्मनीतील बेकारांची संख्या ६० लाखांच्या घरात गेली. १९३० मध्ये नाझींना १०७ जागा मिळाल्या, जुलै १९३२ मध्ये २३०. मात्र त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्या १९६ वर घसरल्या. मोकळ्या निवडणुकीत हिटलरला बहुमत कधीच मिळाले नाही, ही गोष्ट पुढचे सारे समजून घेण्यासाठी लक्षात ठेवावी लागते.

४.
मंदी प्रवरेच्या खोऱ्यातही आली होती. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण होऊन कालव्यांचे पाणी या भागात खेळू लागले, ऊस वाढला. आणि थोड्याच वर्षांत भारतातील शेतमालाचे भाव निम्म्याच्या आसपास कोसळले. शेतकरी सावकाराच्या कर्जात रुतला. कोल्हारशेजारच्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ मध्येच सहकारी पतपेढी उभी केली होती. त्याच वाटेवर पुढे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. दोन्हीकडच्या परिस्थितीची सरळ तुलना करता येणार नाही. तरीही एवढे दिसते की, आर्थिक संकट माणसांना हताश करते. हताश माणसे कोणत्या दारात जातील, हे त्यांच्यासमोर कोणत्या संस्था आहेत आणि त्या संस्थांतील माणसे कशी वागतात, यावर ठरते.

५.
या दृष्टीने इटलीकडे पाहावे. ऑक्टोबर १९२२ मध्ये मुसोलिनीचे काळे सदरेवाले रोमच्या दिशेने निघाले. मंत्रिमंडळाने आणीबाणीच्या हुकमाचा मसुदा तयार केला. लष्कर हाताशी होते. हव्या होत्या त्या फक्त राजाच्या सहीच्या चार रेघा. राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने सही नाकारली आणि मुसोलिनीलाच सरकार बनवण्यासाठी बोलावले. ‘रोमवरील मोर्चा’ म्हणून जो पराक्रम पुढे मिरवला गेला, तो राजवाड्यातील एका नकारातून साकार झाला होता. स्वतः मुसोलिनी रोमला पोहोचला तो रेल्वेने.

६.
१० जून १९२४ रोजी समाजवादी खासदार जाकोमो मात्तेओत्ती यांचे फॅसिस्टांनी अपहरण करून खून केला. निवडणुकीतील दडपशाहीविरुद्ध त्यांनी संसदेत नुकतेच कडाडून भाषण केले होते. देश हादरला. विरोधी खासदारांनी निषेध म्हणून संसद सोडली. राजा काहीतरी करील, अशी त्यांची अपेक्षा होती. राजाने काहीच केले नाही. ३ जानेवारी १९२५ रोजी मुसोलिनीने संसदेत उभे राहून घडलेल्या सर्व गोष्टींची जबाबदारी उघडपणे स्वीकारली आणि तरीही तो पदावर राहिला. १९२६ अखेर इतर पक्षांवर बंदी आली.

७.
जर्मनीत ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरची चॅन्सेलरपदी नेमणूक केली. माजी चॅन्सेलर फ्रान्झ फॉन पापेन आणि त्यांचे सहकारी यांचा हिशेब सोपा होता : मंत्रिमंडळात नाझी मूठभर, बाकी आपलेच, या माणसाची लोकप्रियता वापरू आणि त्याला मुठीत ठेवू. हा हिशेब दोन महिनेही टिकला नाही.

८.
२७ फेब्रुवारीला राइशटागची इमारत जळाली. दुसऱ्याच दिवशी राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाचा आधार घेऊन भाषण, मुद्रण, सभा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे हक्क स्थगित झाले. हजारो कम्युनिस्ट तुरुंगात गेले. ५ मार्चच्या निवडणुकीत, एवढ्या दहशतीतही, नाझींना ४३.९ टक्केच मते पडली. २३ मार्चला संसदेपुढे विधेयक आले : सरकारला संसदेविना कायदे करण्याचा अधिकार. सभागृहात आणि दारात गणवेशधारी नाझी पथके उभी होती. कम्युनिस्ट सदस्यांना येऊच दिले नव्हते. बाजूने ४४४, विरोधात ९४.

९.
ती सर्व ९४ मते सोशल डेमोक्रॅट पक्षाची होती. त्यांचे नेते ओटो वेल्स यांनी त्या वातावरणात उभे राहून विरोधाचे एकमेव भाषण केले. कॅथॉलिक सेंटर पक्षाने तोंडी आश्वासनांवर भरवसा ठेवून बाजूने मत दिले. १४ जुलैला नाझी पक्ष हा देशातील एकमेव कायदेशीर पक्ष ठरला. २ ऑगस्ट १९३४ रोजी हिंडेनबुर्ग वारले. हिटलरने दोन्ही पदे एकवटली आणि सैन्याने राष्ट्राऐवजी त्याच्या व्यक्तिगत निष्ठेची शपथ घेतली. या साखळीत प्रत्येक कडीपाशी नाही म्हणू शकणारा कोणीतरी होता. बहुतेकांनी ते म्हटले नाही.

१०.
हीच रीत मग राष्ट्राराष्ट्रांमध्ये चालली. सप्टेंबर १९३१ मध्ये जपानने मांचुरिया घेतला; राष्ट्रसंघाने चौकशी केली, अहवाल दिला, आणि जपान राष्ट्रसंघातून बाहेर पडला. ऑक्टोबर १९३५ मध्ये मुसोलिनीने ॲबिसिनियावर, म्हणजे इथिओपियावर, चाल केली. राष्ट्रसंघाने निर्बंध घातले. पण त्यातून खनिज तेल वगळले. रणगाडे आणि विमाने ज्यावर चालतात तेच वगळलेले निर्बंध कितपत चालणार? सुएझ कालवाही इटलीच्या जहाजांना खुला राहिला.

११.
७ मार्च १९३६ रोजी जर्मन सैन्य निर्लष्करी ऱ्हाइनलँडमध्ये शिरले; फ्रान्स हलला नाही. त्याच वर्षी जुलैत स्पेनमध्ये यादवी पेटली आणि हिटलर-मुसोलिनींनी जनरल फ्रँकोला विमाने व सैनिक पुरवले. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत झाले. सप्टेंबरअखेर म्युनिकमध्ये ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि इटली यांच्या नेत्यांनी चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हिटलरला देऊन टाकला. ज्याचा देश कापला जात होता, त्या चेकोस्लोव्हाकियाला चर्चेच्या टेबलाशी जागाच नव्हती.

१२.
ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन यांना केवळ भित्रे ठरवणे सोपे, पण अन्यायाचे आहे. १९१४-१८ च्या खंदकांत एक पिढी संपली होती. जनतेला युद्ध नको होते. हवाई दल अपुरे होते. आणि अनेकांना हिटलरपेक्षा कम्युनिझमची धास्ती अधिक होती. ही कारणे खरी होती. परंतु प्रत्येक सवलतीतून हिटलरने एकच धडा घेतला, की पुढची मागणीही मान्य होईल. मार्च १९३९ मध्ये तो प्रागमध्ये शिरला. २३ ऑगस्टला स्टालिनने त्याच्याशी अनाक्रमण करार केला आणि गुप्त कलमांनी पूर्व युरोपची वाटणी केली. लाखोंना श्रमछावण्यांत धाडणारी ही दुसऱ्या रंगाची हुकूमशाही होती. १ सप्टेंबरला पोलंडवर हल्ला झाला.

१३.
हे सारे होत असताना मराठी मुलूख झोपलेला नव्हता. त्याच्या प्रतिक्रिया मात्र एकाच सुराच्या नव्हत्या. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे यांनी मार्च १९३१ मध्ये रोममध्ये मुलांना लष्करी वळण देणाऱ्या फॅसिस्ट संस्था पाहिल्या, मुसोलिनीची भेट घेतली आणि त्या शिस्तीचे कौतुक केले. १९३७ मध्ये त्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. पारतंत्र्यातील अनेकांना त्या काळी एकजूट आणि सामर्थ्य यांचे आकर्षण वाटे. त्या एकजुटीखाली कोण चिरडले जात आहे, हे दुरून दिसत नसे.

१४.
दुसरा सूरही होता. मार्च १९३६ मध्ये, पत्नीच्या निधनानंतर भारतात परतताना, जवाहरलाल नेहरूंना रोममध्ये मुसोलिनीच्या भेटीचे निमंत्रण आले. ॲबिसिनियात युद्ध चालू असताना त्या भेटीचा प्रचारासाठी वापर होईल हे ओळखून त्यांनी ते नाकारले. १९३८ मध्ये ते बार्सिलोनाला आणि प्रागला गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. ते परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, चीनमध्येच त्यांचा अंत झाला.

१५.
३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने युद्ध पुकारले. त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतही युद्धात असल्याचे जाहीर केले. कोणत्याही निर्वाचित भारतीय प्रतिनिधीला विचारले नाही. काँग्रेस कार्यसमितीने वर्ध्याच्या बैठकीत नाझी आक्रमणाचा स्पष्ट निषेध केला आणि सोबत एक प्रश्न विचारला : हे युद्ध लोकशाहीसाठी असेल, तर ती लोकशाही भारताला लागू आहे काय? समाधानकारक उत्तर आले नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्रांतोप्रांतीच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. म्युनिकला चेक जनतेला विचारले नव्हते. दिल्लीत भारतीयांना विचारले नाही.

१६.
युद्ध पुकारताच भारतातील जर्मन नागरिकांची धरपकड झाली आणि मोठी छावणी उभी राहिली ती नगरला. नगरला हे नवे नव्हते; बोअर युद्धातील कैदी आणि पहिल्या महायुद्धातील जर्मन येथेच ठेवले गेले होते. १९३९ च्या कैद्यांत गिर्यारोहक हाइनरिख हारर होता. तो एसएस या नाझी संघटनेचा सदस्य होता. पुढे देहरादूनच्या छावणीतून एप्रिल १९४४ मध्ये निसटून तो तिबेटला पोहोचला. आणि त्याच धरपकडीत हिटलरच्या छळातून जीव वाचवून भारतात आलेले ज्यू निर्वासितही सापडले. पारपत्र जर्मन, म्हणून ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’. चौकशीनंतर त्यांतील अनेकांची सुटका झाली. परंतु काही काळ तरी छळणाऱ्या संघटनेचा माणूस आणि छळ सोसून आलेला माणूस एकाच कुंपणाआड होते.

१७.
८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. स्वतंत्र भारत आपली सारी शक्ती नाझीवाद, फॅसिझम आणि साम्राज्यवाद यांच्याविरुद्ध लावील, असे त्या ठरावातच म्हटले होते. पहाटे नेत्यांना अटक झाली. नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, शंकरराव देव असे बारा जण नगरच्या किल्ल्यात आणले गेले. ते कोठे आहेत, हे सुरुवातीला जनतेपासून लपवले गेले. मुसोलिनीची भेट नाकारणारा माणूस मुसोलिनीशी लढणाऱ्या सरकारच्या कैदेत होता. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत नेहरूंनी याच किल्ल्यात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले.

१८.
सुभाषचंद्र बोस यांनी वेगळी वाट धरली. १९४१ मध्ये ते बर्लिनला पोहोचले आणि २९ मे १९४२ रोजी हिटलरला भेटले. भारताच्या स्वातंत्र्याची नि:संदिग्ध ग्वाही त्यांना त्याच्याकडून मिळाली नाही. बोस यांच्या देशभक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शत्रूच्या शत्रूकडून स्वातंत्र्य मागावे लागण्याइतकी कोंडी साम्राज्याने केली होती, हेही खरे. पण वंशश्रेष्ठत्वावर उभी असलेली सत्ता दुसऱ्याचे स्वातंत्र्य मानील, ही अपेक्षा तिच्या स्वभावाविरुद्ध होती.

१९.
याच काळात सुमारे २५ लाख भारतीय ब्रिटिश भारतीय सैन्यात दाखल झाले होते. निमजचा नामदेव जाधव त्यांतला एक. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनचा शिपाई, वय २३. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदी ओलांडताना त्याच्या तुकडीवर जर्मन मशीनगनचा मारा झाला. पाठोपाठ दोन जखमींना त्याने खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित नेले, मग एकट्याने परत येऊन तीन मशीनगन ठाणी बंद पाडली, आणि बांधावर चढून मराठा पलटणीची युद्धघोषणा देत मागच्या तुकड्यांना पुढे बोलावले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यातील पळसगावचे यशवंत घाडगे यांना तो इटलीतच, जुलै १९४४ मधील पराक्रमासाठी, मरणोत्तर मिळाला होता.

२०.
सेनिओ ओलांडल्यानंतर १९ दिवसांनी मुसोलिनीला त्याच्याच देशबांधवांनी गोळ्या घातल्या. आणखी दोन दिवसांनी हिटलरने आत्महत्या केली. १९२२ मध्ये एका राजाने टाळलेल्या सहीची भरपाई तेवीस वर्षांनी संगमनेर तालुक्यातील, तिच्याशी काडीचाही संबंध नसलेला एक तरुण करत होता. शिवाय ज्या साम्राज्यासाठी तो लढला, त्याने त्याच्या देशाला युद्धाविषयी विचारलेही नव्हते. नगरच्या किल्ल्यातील नेते आणि सेनिओवरील शिपाई परस्परविरुद्ध बाजूंना उभे होते, असे वरवर दिसते. प्रत्यक्षात दोघेही एकाच गोष्टीची किंमत मोजत होते : इतरांनी, त्यांना न विचारता, घेतलेल्या निर्णयांची.

२१.
महाराष्ट्राच्या शेजारी एक हुकूमशाही तर १९४५ नंतरही टिकली. पोर्तुगालचा सालाझार १९३२ मध्ये पंतप्रधान झाला आणि गोवा त्याच्या अमलाखाली होता. सभा घ्यायची तर सरकारी परवाना, छापायचे तर सरकारी संमती. १८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहिया यांनी मडगावात जाहीर सभेत बोलण्याचा हक्क बजावला आणि त्यांना अटक झाली. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी.

२२.
स्वतंत्र भारताची घटना लिहिली जात असताना हा सारा इतिहास ताजा होता. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी आणीबाणीच्या तरतुदींवर बोट ठेवले. अशाच तरतुदींचा फायदा घेऊन जर्मनीची लोकशाही मोडली गेली, याची त्यांनी आठवण करून दिली. तरतुदी राहिल्या. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी समारोपाच्या भाषणात इशारा दिला, की धर्मातील भक्तीने मोक्ष मिळत असेल, पण राजकारणातील व्यक्तिपूजा अखेर हुकूमशाहीकडे नेते. जून १९७५ मध्ये त्याच तरतुदी वापरून आणीबाणी आली. त्यानंतर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून ‘सशस्त्र बंड’ घातले आणि जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असे ठरवले.

२३.
हुकूमशहांच्या उदयाचा इतिहास बहुधा हुकूमशहांच्या चरित्रांतून सांगितला जातो. त्यापेक्षा तो सही न करणारा राजा, मुठीत ठेवू म्हणणारा पापेन, आश्वासनावर मत देणारा पक्ष आणि तेल वगळणारा राष्ट्रसंघ यांच्यातून अधिक नीट कळतो. ओटो वेल्स यांच्या ९४ मतांनी त्या दिवशी काहीच थांबले नाही. तरीही, थांबवण्याचा मार्ग कोणता होता, याची नोंद त्या मतांनी ठेवली. तो मार्ग मतदानाचा, भाषणाचा आणि नकाराचा होता. आणि तो उघडा होता तोवर स्वस्तही होता. पुढे त्याच कामासाठी सेनिओसारख्या नद्या ओलांडाव्या लागल्या.